जर्मनीतल्या एका छोट्या गावाचा ब्युर्गरमाइस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्टुटगार्टच्या परिसरात राहते. २०२३ मध्ये इथून जवळच्या ओस्टेल्सहाइम गावाने सिरियातून आलेल्या एका तरुणाला निवडून दिलं. ती बातमी मराठी घरांतही पोचली आणि तेव्हापासून नातेवाईक, मैत्रिणी, पुण्याहून इथे नव्याने नोकरीला आलेली मंडळी, सगळे मला तेच ते प्रश्न पाठवत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरातली गोष्ट शक्यतो दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही.

१. हे रयान अल्शेब्ल कोण?

ओस्टेल्सहाइमचे ब्युर्गरमाइस्टर. जन्म १९९४ चा, सिरियाच्या दक्षिणेतल्या सुवैदाचा. २०१५ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी देश सोडला, कारण थांबले असते तर सक्तीच्या लष्करी सेवेत जाऊन यादवी युद्धात लढावं लागलं असतं. तुर्कस्तानातून रबरी बोटीने ग्रीसच्या लेस्बोस बेटावर आणि तिथून पुढे जर्मनीत. २०२२ मध्ये जर्मन नागरिकत्व मिळालं, २ एप्रिल २०२३ ला पहिल्याच फेरीत ५५.४१ टक्के मतं घेऊन ते निवडून आले आणि त्याच जूनमध्ये कामावर रुजू झाले. तेव्हा वय २९.

२. ब्युर्गरमाइस्टर म्हणजे मराठीत काय? सरपंच, नगराध्यक्ष की महापौर?

मराठी बातम्यांत 'महापौर' छापून आलं आणि घोटाळा तिथेच झाला. महापौर म्हटलं की डोळ्यांसमोर महानगरपालिका येते. ओस्टेल्सहाइमची लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास आहे. आकाराने बघितलं तर सरपंचच.

पण तोही शब्द पुरता बसत नाही. आपल्याकडे सरपंच लोकांनी निवडलेला आणि ग्रामसेवक सरकारने नेमलेला, अशी दोन माणसं असतात. ओस्टेल्सहाइम ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये या दोघांची कामं एकाच माणसाकडे आहेत. तो गेमाइंडेराटचा, म्हणजे गावच्या निवडून आलेल्या मंडळाचा अध्यक्ष असतो, त्याला तिथे मतही असतं, आणि राटहाउसमधल्या, म्हणजे गावच्या कचेरीतल्या, सगळ्या कर्मचाऱ्यांचा साहेबही तोच. कोर्टकचेरीत गावाच्या वतीने तोच उभा राहतो. म्हणून मी मूळ शब्दच वापरते. इथली जुनी श्वाबी माणसं तर 'शुल्टेस' म्हणतात. व्युर्टेमबेर्गमध्ये १९३० पर्यंत गावप्रमुखाचा अधिकृत हुद्दा 'शुल्टहाइस' होता, त्याचं ते बोलीतलं रूप. आपल्याकडे पाटीलकी गेली तरी 'पाटील' ही हाक राहिली, त्यातलाच प्रकार.

वीस हजारांहून मोठ्या शहरांत 'ओबरब्युर्गरमाइस्टर' असतो. महापौर हा शब्द त्याला शोभेल.

३. ओस्टेल्सहाइम नेमकं कुठे आहे?

स्टुटगार्टच्या पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर, काल्फ जिल्ह्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला. एका बाजूला वाइल डेर श्टाट, जिथे १५७१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लर जन्मला. दुसऱ्या बाजूला काल्फ, लेखक हेरमान हेसेचं जन्मगाव. हेसेची आई केरळात तलश्शेरीला जन्मली होती आणि आजोबा गुंडर्ट हे मल्याळमचे मोठे कोशकार, म्हणजे भारताशी या मुलखाचा संबंध आजचा नाही. आणि स्टुटगार्ट तर १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे.

१९७० च्या दशकात या राज्याने गावं एकमेकांत विलीन केली. तीन हजारांवर ग्रामपालिका होत्या, त्यांच्या अकराशे झाल्या. ओस्टेल्सहाइम त्यातून स्वतंत्र राहिलं, म्हणून तर त्याला स्वतःचा ब्युर्गरमाइस्टर आहे.

४. आठ वर्षांपूर्वी भाषेचा गंध नसलेला माणूस गावाचा प्रमुख झालाच कसा?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. बहुतेक बातम्यांनी तो अर्धाच सोडवला आहे. बोट, समुद्र आणि मग थेट हारतुरे, अशी ती गोष्ट सांगितली जाते. मधली वर्षं गाळली जातात आणि उत्तर नेमकं त्या वर्षांत आहे.

अल्शेब्ल काल्फ जिल्ह्यात आले, जर्मन शिकले आणि शेजारच्या आल्टहेंगस्टेट गावच्या राटहाउसमध्ये त्यांनी 'आउसबिल्डुंग' घेतलं. आउसबिल्डुंग म्हणजे काम करता करता घ्यायचं, शेवटी सरकारमान्य परीक्षा असलेलं शिक्षण. प्रशासकीय कर्मचाऱ्यासाठी ते साधारण तीन वर्षांचं असतं. आठवड्यातला काही वेळ शाळेत आणि उरलेला खऱ्या टेबलावर, खऱ्या अर्जांसमोर. गावचा अर्थसंकल्प कसा मांडतात, बांधकामाचा अर्ज कुठल्या टेबलावरून कुठे जातो, बालवाडीचं शुल्क कसं ठरतं, ग्रामपालिकेच्या कायद्याचं कुठलं कलम कधी लागतं, हे सगळं तिथे अंगवळणी पडतं. पुढे ते त्याच राटहाउसमध्ये नोकरीला राहिले.

आता हे आपल्या डोळ्यांनी बघू. शेजारच्या तालेवार ग्रामपंचायतीत एक मुलगा दप्तरात बसून काही वर्षं काम करतो. फायली त्याला तोंडपाठ, नियम माहीत, लोकांशी नीट बोलतो. आपल्या गावची जागा रिकामी झाल्यावर तो दारात येऊन सांगतो, मी उभा आहे. गावकरी काय बघतील? काम येतं का, ते बघतील. ओस्टेल्सहाइमच्या लोकांनी तेच बघितलं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या प्रचारातही बालसंगोपनाची सोय, राटहाउसची कामं ऑनलाइन करणं, असे रोजच्या गरजेचे विषय होते.

या राज्यात ब्युर्गरमाइस्टर होणं हा शिकून करायचा व्यवसाय मानला जातो. लुडविग्सबुर्ग आणि केल इथे लोकप्रशासनाची दोन महाविद्यालयं आहेत आणि गावोगावचे कितीतरी ब्युर्गरमाइस्टर तिथूनच निघालेले असतात. आधी एखाद्या राटहाउसमध्ये हिशेब किंवा प्रशासन सांभाळायचं, मग दुसऱ्या गावात निवडणूक लढवायची, ही इथली मळलेली वाट आहे. अल्शेब्ल त्या वाटेवर आले ते फार लांबून, पण चालले त्याच वाटेने. त्यांच्या सायंकाळच्या अभ्यासाचं आणि टेबलावरच्या वर्षांचं श्रेय नशिबाला किंवा जर्मनांच्या औदार्याला दिलं की मला वाईट वाटतं. ते श्रेय त्यांचं आहे, आणि ज्या राटहाउसने एका नवख्या माणसाला शिकाऊ म्हणून आत घेतलं त्याचंही.

५. पण ते ओस्टेल्सहाइमचे नव्हतेच ना? बाहेरच्या माणसाला उभं राहता येतं?

येतं. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये उमेदवार त्या गावचा रहिवासी असलाच पाहिजे अशी अट नाही. त्याहून गंमतीची गोष्ट म्हणजे पूर्णवेळ ब्युर्गरमाइस्टरच्या जागेची मतदानाआधी किमान दोन महिने रीतसर जाहिरात द्यावी लागते, नोकरीच्या जागेची देतात तशी. ती वाचून दूरदूरचे लोक अर्ज करतात. गावाचा कुठल्याच घराण्याशी, भावकीशी संबंध नसलेला माणूस बरा, असं म्हणणारे मतदारही इथे भेटतात. सरपंचपदासाठी असा विचार आपल्याकडे करून बघा!

६. ते ग्रीन पक्षाचे आहेत असं वाचलं. मग अपक्ष कसे?

पक्षाचे सदस्य आहेत, निवडणूक अपक्ष म्हणून लढवली. यात लपवाछपवी काही नाही. इथल्या ब्युर्गरमाइस्टरच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतंच, आणि खेड्यांत अपक्ष उभं राहणं ही रीतच आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत, तेव्हा हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये.

७. मतदान कसं होतं? कोणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत तर?

लोक थेट मत देतात, वयाच्या सोळाव्या वर्षापासून. वैध मतांपैकी निम्म्याहून जास्त मिळाली की तिथेच निकाल. ओस्टेल्सहाइममध्ये तीन उमेदवार असूनही पहिल्या फेरीत निकाल लागला. नाही लागला तर आता पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. २०२३ च्या कायदादुरुस्तीआधी दुसऱ्या फेरीत अगदी नवा उमेदवारही उतरू शकायचा. उमेदवाराच्या किमान वयाची अटही त्याच दुरुस्तीत २५ वरून १८ वर आली.

प्रचार म्हणजे घरोघर जाणं, गावच्या साप्ताहिक पत्रकात मजकूर देणं आणि सभागृहात सगळ्या उमेदवारांनी एकाच मंचावरून प्रश्नांना उत्तरं देणं. ही शेवटची सभा बहुधा ग्रामपालिकाच भरवते. मी माझ्या गावातली अशी एक सभा शेवटपर्यंत ऐकली आहे. पाऊण तास फक्त शाळेसमोरच्या चौकातल्या वाहतुकीवर चर्चा चालली होती आणि एकही माणूस उठून गेला नाही.

८. एवढ्याशा गावात दिवसभर काम तरी काय असतं?

गाव लहान म्हणून जबाबदाऱ्या कमी होत नाहीत, त्या वाटून घ्यायला माणसं तेवढी कमी असतात. पाणी, सांडपाणी, गावातले रस्ते, प्राथमिक शाळेची इमारत, स्मशानभूमी, स्वयंसेवी अग्निशमन दल, सगळं ग्रामपालिकेकडे.

त्यातली बालवाडीची जबाबदारी सर्वांत कटकटीची. १ ऑगस्ट २०१३ पासून जर्मनीत एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक बाळाला पाळणाघरातल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. जागा मिळाली नाही तर आईवडील कोर्टात जाऊ शकतात. इमारत बांधता येते, पण शिक्षिका कुठून आणायच्या? हा प्रश्न गावोगावी आहे. इथे राहणाऱ्या आपल्या तरुण जोडप्यांना राटहाउसची पहिली ओळख बहुतेक याच रांगेत होते.

दुसरं मोठं काम जमिनीच्या आराखड्याचं. कुठे घरं उठतील, किती मजली, छपराचा उतार केवढा, इथपर्यंत गाव ठरवू शकतं. शेत निवासी झालं की भाव कुठल्या कुठे जातो, हे आपल्याला सांगायला नको. म्हणूनच कायदा असा आहे की स्वतःचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा फायदा-तोटा असलेल्या विषयात ब्युर्गरमाइस्टर चर्चेलाही बसू शकत नाही, मत देणं तर दूरच.

आणि मग जे कुठल्याच कलमात नाही ते. ऐंशी वर्षं पूर्ण केलेल्या आजींना शुभेच्छा द्यायला जाणं, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, वाद्यवृंदाचा कार्यक्रम, अग्निशमन दलाची वार्षिक सभा. शनिवार-रविवार यातच जातात. न जाऊन चालत नाही, कारण लोक लक्षात ठेवतात.

९. या गावात रेल्वेचं आणि वटवाघळांचं काय प्रकरण आहे?

काल्फला जाणारी ही लाइन १८७२ ची. तिच्यावरच्या प्रवासी गाड्या १९८३ मध्ये बंद झाल्या. जिल्ह्याने ती 'हेरमान हेसे बान' या नावाने पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि त्यात ओस्टेल्सहाइमला थांबा आहे. मधल्या काळात ओस पडलेल्या बोगद्यांत संरक्षित जातींची वटवाघळं येऊन राहिली होती. निसर्गप्रेमी संघटनेने हरकत घेतली, वर्षानुवर्षं वाद झाला आणि शेवटी बोगद्यातच भिंत घालून गाड्यांना एक आणि वटवाघळांना एक असे भाग करायचं ठरलं. हा निर्णय एकट्या गावाचा नव्हता. पण थांबा गावात म्हटल्यावर तिथवरचा रस्ता, गाड्या लावायची जागा, आवाजाच्या तक्रारी, हे सगळं शेवटी गावच्या राटहाउसच्याच दारात येतं.

१०. पैसा कुठून येतो?

मुख्य वाटा तीन. घरा-जमिनीवरचा कर, उद्योगांवरचा कर आणि गावात राहणाऱ्यांच्या आयकरातला १५ टक्के हिस्सा. उद्योगकराचा मूळ दर ३.५ टक्के देशभर सारखा असतो, त्याला किती टक्क्यांनी गुणायचं ते गेमाइंडेराट ठरवतं. ४०० ठरवले तर कर १४ टक्के होतो. कारखाने असलेलं गाव श्रीमंत आणि फक्त घरं असलेलं गाव काटकसरीत, असं त्यामुळे होतं. राज्याकडून अनुदान येतं, उलट जिल्ह्याला गावाने वर्गणी द्यावी लागते.

११. गेमाइंडेराटशी पटलं नाही तर?

ओस्टेल्सहाइमएवढ्या गावात १२ सदस्य असतात. ते पाच वर्षांसाठी निवडले जातात आणि ब्युर्गरमाइस्टर आठ, म्हणजे मध्येच समोरची माणसं बदलतात. त्याचं मत एकच. बहुमत विरोधात गेलं की ठराव मान्य करून तो राबवावा लागतो.

अपवाद आहेत, आणि ते फार विचारपूर्वक केलेले आहेत. ठराव बेकायदेशीर वाटला तर ब्युर्गरमाइस्टरने एका आठवड्यात त्याला हरकत घेतलीच पाहिजे. गावाच्या तोट्याचा वाटला तर घेता येते. मग तीन आठवड्यांच्या आत पुन्हा बैठक. तिथेही तोच ठराव झाला आणि तो अजूनही बेकायदेशीर वाटत असेल, तर जिल्हा कार्यालय निकाल देतं. दुसरा अपवाद तातडीचा: पूर आला, पाण्याची मुख्य वाहिनी फुटली, बैठक बोलवायलाही वेळ नाही, तेव्हा तो एकटा निर्णय घेऊ शकतो, पण कारणांसह सदस्यांना लगेच कळवावं लागतं.

१२. अविश्वास ठराव आणता येतो का?

या राज्यात नाही. सदस्यांना आणता येत नाही आणि मतदारांनाही मुदतीआधी घरी पाठवता येत नाही. बव्हेरियातही तसंच. गंभीर गैरवर्तन असेल तर सरकारी अधिकाऱ्यावर होते तशी शिस्तभंगाची कारवाई होते, तो वेगळा मार्ग.

इतर बऱ्याच राज्यांत लोक मतदानाने ब्युर्गरमाइस्टरला काढू शकतात. डुइसबुर्गचे ओबरब्युर्गरमाइस्टर आडोल्फ झाउअरलांड यांना २०१० च्या 'लव्ह परेड' या संगीतोत्सवातल्या चेंगराचेंगरीनंतर फेब्रुवारी २०१२ मध्ये मतदारांनीच खाली उतरवलं. आठ वर्षांची न हलणारी खुर्ची मला स्वतःला थोडी जास्त वाटते. पण एक खरं, शाळा किंवा जलवाहिनी पुरी होईपर्यंत माणूस जागेवर असतो.

१३. पगार मिळतो का?

दोन हजारांहून मोठ्या गावात हे पूर्णवेळ सरकारी पद आहे. वेतनश्रेणी लोकसंख्येवरून ठरते. त्याहून लहान गावात ते मुळात मानद असतं, मात्र पाचशेहून जास्त वस्ती असेल तर गाव ते पूर्णवेळ करू शकतं.

१४. सगळ्या जर्मनीत हेच नियम आहेत का?

नाही, प्रत्येक राज्याचा ग्रामपालिका कायदा वेगळा. मुदत बव्हेरियात सहा वर्षं, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात पाच, झारलांडमध्ये दहा. थेट निवडणूक ही मुळात दक्षिणेची परंपरा. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात युद्धानंतर ब्रिटिशांच्या पद्धतीने मानद ब्युर्गरमाइस्टर आणि पगारी प्रशासक अशी जोडी होती, तिथे लोकांनी थेट मत दिलं ते १९९९ मध्ये. नाझी काळात, १९३५ च्या कायद्याने, निवडणूकच गेली होती आणि वरून नेमणुका होत होत्या.

महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून निवडायचं २०१७ मध्ये ठरलं, २०२० मध्ये रद्द झालं, २०२२ मध्ये परत आलं. त्यामुळे या वादातले दोन्ही बाजूंचे मुद्दे आपल्याला नवे नाहीत.

१५. अशा लोकांना त्रास होत नाही का? धमक्या?

होतो, आणि तो फक्त बाहेरून आलेल्यांनाच होतो असं नाही. आल्टेना हे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातलं छोटं शहर. तिथले तेव्हाचे ब्युर्गरमाइस्टर आंद्रेआस होलश्टाइन यांनी २०१५ मध्ये वाट्याला आलेल्या कोट्यापेक्षा १०० निर्वासित जास्त घेतले. नोव्हेंबर २०१७ मध्ये एका कबाबच्या दुकानात एकाने त्यांच्या गळ्याला सुरी लावली. दुकानाच्या मालकांनी हल्लेखोराला धरलं, म्हणून ते वाचले. त्याआधी, मार्च २०१५ मध्ये, पूर्वेकडच्या ट्र्योग्लिट्सचे मानद प्रमुख मार्कुस नीर्थ यांनी राजीनामा दिला, कारण अतिउजव्यांचा मोर्चा थेट त्यांच्या घरासमोर येणार होता. घरात मुलं होती.

बारा सदस्यांचं मंडळ आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा, असं वर जे वर्णन केलं आहे, ते करणाऱ्या माणसाचं घर सगळ्या गावाला माहीत असतं, हे मी विसरू शकत नाही.

१६. परदेशी मुळाचे अल्शेब्ल हे पहिलेच का? भारतीय कोणी?

सिरियातून निर्वासित म्हणून येऊन ब्युर्गरमाइस्टर झालेले पहिले, अशी त्यांची ओळख झाली. पण वेगळं मूळ असलेले लोक त्याआधीही निवडून आले आहेत. हायडलबेर्गजवळच्या माउअर गावात, जिथे १९०७ मध्ये आदिमानवाचा प्रसिद्ध जबडा सापडला, २०१२ मध्ये जॉन एहरेट निवडून आले. त्यांचे वडील आफ्रिकन-अमेरिकन सैनिक होते.

भारताचं म्हणाल तर रवींद्र गुज्जुला यांचं नाव माहीत असायला हवं. भारतात जन्मलेले, पूर्व जर्मनीत वैद्यकीचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. देश एक झाल्यावर, १९९० च्या दशकात, ते बर्लिनजवळच्या आल्टलांड्सबेर्गचे ब्युर्गरमाइस्टर झाले. मोठ्या शहरांत अशोक श्रीधरन, ज्यांचे वडील भारतीय, २०१५ ते २०२० बॉनचे ओबरब्युर्गरमाइस्टर होते. अल्शेब्लविषयी विचारणाऱ्या दहांपैकी एकालाही गुज्जुलांचं नाव ठाऊक नसतं, याची मला खंत आहे.

१७. अल्शेब्ल आता किती वर्षं पदावर राहतील?

मुदत आठ वर्षांची, म्हणजे २०३१ पर्यंत. पुन्हा उभं राहायला बंदी नाही, कितीही वेळा. तीन-तीन मुदती, म्हणजे चोवीस वर्षं, एकाच गावात काढलेले ब्युर्गरमाइस्टर या राज्यात सापडतात.

१८. मी मूळची नाशिकची, दहा वर्षं इथे नोकरी करते. मला उभं राहता येईल? निदान मत?

भारतीय पासपोर्टवर दोन्ही नाही. उमेदवार आणि मतदार जर्मन किंवा युरोपीय संघातल्या देशाचा नागरिक हवा. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने काही इतर परदेशी लोकांना स्थानिक मतदानाचा हक्क द्यायचं ठरवलं होतं, ते घटना न्यायालयाने १९९० मध्ये रद्द केलं.

जर्मन नागरिकत्व घेतलंत तर वाट मोकळी आहे. २७ जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि हाती राहतं ते ओसीआय कार्ड. हा निर्णय कोणी कोणाला सुचवू नये, तो ज्याचा त्याने घ्यावा.

तोवर काय करता येतं? गेमाइंडेराटच्या बैठका जाहीर असतात, तारीख आणि विषय गावच्या पत्रकात येतात. बऱ्याच गावांत बैठकीत रहिवाशांच्या प्रश्नांसाठी वेळ ठेवलेला असतो. वर्षातून साधारण एकदा आपल्या ग्रामसभेसारखी रहिवाशांची सभा बोलवावी असं कायदा सांगतो. दोन्हीकडे बोलायला गावात राहत असलं की पुरतं, पासपोर्ट कोणी बघत नाही. मी पहिल्यांदा उठून विचारलं ते बसथांब्यावरच्या दिव्याबद्दल. जर्मन अडखळत होतं, शुल्टेसने वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबून लिहून घेतलं, आणि पुढच्या बैठकीत उत्तर दिलं.